पहिला भाग की दुसरा

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज झाली. ज्योतीताई शेवगावहून एकटीच एसटीने आली. दाजींचा ट्रॅक्टर ऊस ओढायला कारखान्याला लागणार आहे, त्या गडबडीत त्यांना सवड मिळाली नसेल. ओवाळून झाल्यावर आईने विचारलं, "किती दिस हाईस?" ताई म्हणाली, "बघू." चार दिवस राहील आणि जाईल, दरवर्षीसारखी.

आता मुख्य विषय. किमोरा या जपानी व्हिडिओ गेमला पुढच्या वर्षी तीस वर्षं होतायत आणि जगभर एकच वाद पेटलाय: बारा भागांतला सगळ्यात चांगला भाग कोणता? जपानी, ब्राझीलवाले, सगळे एकमेकांच्या उरावर बसलेत. मराठीत मात्र कोणी चकार शब्द काढलेला नाही. तो मी काढणार. यूट्यूबवर चॅनेल कालच उघडलं. मोबाईल दुरुस्तीचं दुकान पोटापुरतं आहे, पण माझा खरा अभ्यास हाच.

मच्छिंद्रनानांना फराळाच्या वेळी सगळं समजावून सांगितलं. नाना माझे चुलते, आणि वडील, म्हणजे अण्णा, गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्यांचा. म्हटलं, नाना, हा गेम आहे. रानावनात फिरायचं, चित्रविचित्र प्राणी धरायचे, त्यांना पोसायचं, वाढवायचं, दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचं. नाना म्हणाले, "म्हंजे जित्राबं पाळायची. मंग खऱ्या दोन शेळ्या घे की. दूध तरी घावंल."

लहानपणी जित्राबंच म्हणायचो आम्ही त्यांना. त्यांची जपानी नावं कोणाच्या जिभेवर बसत नव्हती.

२७ ऑक्टोबर, सोमवार

वादाला दोन माणसं लागतात. शेजारच्या अजिनाथला विचारलं, तर त्याला फक्त बंदुकीचे गेम माहीत. त्याला घेऊन काय वाद घालणार?

संध्याकाळी घरी ही कुरकुर करत होतो. ताई लसूण सोलत होती, उजव्या हाताने सावकाश, डावा मांडीवर ठेवून. मान वर न करता म्हणाली, "पहिला."

"काय पहिला?"

"पहिला भाग चांगला हुता. दुसऱ्यापासनं बिघडलं."

मी तोंडाकडे बघतच राहिलो. गेली कित्येक वर्षं हिच्या तोंडून "बरं हाय" आणि "चाललंय" याशिवाय काही ऐकलं नव्हतं. आणि एकदम दुसरा भाग बिघडलेला? मी तिथेच सुरू झालो. तीही सुरू झाली. आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी आमचं आटपेना.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आमची बाजू लिहून ठेवतो, कॅमेऱ्यासमोर घोटाळा नको.

तहसीलसमोर अण्णांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे तालुक्यातल्या पहिल्या काही कॉम्प्युटरांपैकी एक. अण्णा जेवायला घरी गेले की दुकान आमचं. पहिला भाग त्यांच्या एका गिऱ्हाईकाने नगरहून सीडीवर आणला होता. की-बोर्ड एक आणि माणसं दोन, म्हणून बाण ताईकडे आणि बटणं माझ्याकडे. ती चालणार, मी धरणार. ती डावीकडे वळली आणि मी भलतंच दाबलं की डोक्यात टपली. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवायचो, कारण पंख्याच्या आवाजात किमोराचं संगीत ऐकू यायचं नाही. घामाने बोटं बटणांवरून घसरायची. आज वातानुकूलित खोलीत बसवून बारावा भाग हातात दिला तरी ती मजा येणार नाही.

दुसऱ्या भागात अंडी आली. दोन जित्राबं एका गोठ्यात ठेवायची, काही दिवसांनी अंडं मिळायचं. आमच्या गल्लीतली बरीच पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची. जाताना बनुबाई आपली शेळी आईकडे अर्धलीने ठेवून जायची: सांभाळायचं आम्ही, करडं झाली की निम्मी तिची निम्मी आमची, आणि मूळ शेळी तिची ती परत. तिच्या पोरांनी तोच कायदा किमोराला लावला. दुकानातच खेळून धरलेलं आपलं जित्राब आमच्याकडे सोपवून जायची, अक्षय तृतीयेच्या सुमाराला परत आली की दुकानाच्या पायरीवर अंड्यांची वाटणी. केवढी भांडणं, केवढी शपथेवर सांगासांग! जपानमध्ये ज्याने हा गेम केला त्याला स्वप्नात तरी वाटलं असेल का, की जामखेडमध्ये याची अर्धल चालते? म्हणून दुसरा भाग सर्वश्रेष्ठ. सिद्ध झालं.

तिसरा भाग ताईच्या लग्नानंतर त्याच उन्हाळ्यात आला. तो अगदीच टुकार. चित्रं सुरेख होती, संगीत सुरेख होतं, पण मजा म्हणून नाही. कंपनीचं तिथे काय चुकलं ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही. त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

१ नोव्हेंबर, शनिवार

पहिला व्हिडिओ टाकला. पडद्यावर गेम चाललेला, आणि वर फक्त आमचे आवाज. ताईला तोंड दाखवायचं नव्हतं. नाव तर मुळीच नको म्हणाली. मी तिला नुसतं ताई म्हणतो.

तिचा मुद्दा मला अनपेक्षित होता. "पहिल्यात कुटंबी थांबून सेव्ह करता येतं. रानात, नदीत, कुटंबी. दुसऱ्यात गावात पोचल्याबिगर सेव्हच होत न्हाई. आन आपल्याकडं लाईटीचा काय भरवसा? मरमर चालायचं, आन गावाच्या वेशीवर लाईट गेली की सगळं गेलं. पुन्ना पयल्यापासनं."

खरं आहे. त्या काळी लोडशेडिंगचं वेळापत्रक अण्णांच्या टेबलावर काचेखाली असायचं. ते पाठ करून आम्ही खेळायचो, आणि मंडळ ते पाळायचं नाही. पण हा दोष वीज मंडळाचा, गेमचा नव्हे. हे मी ठासून सांगितलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लोक बघतायत! जिंतूर, कणकवली, कुठला तरी दुबईचा माणूस. पण सगळे एकच लिहितात: ताईंना बोलू द्या. एकाने लिहिलं, "भाऊ, तुम्ही थोडं कमी." मी ताईला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाशी धरून हसली आणि म्हणाली, "पुन्ना वाच." पुन्हा वाचलं. मग आईला नेऊन ऐकवलं.

लोकांनी आपापलंही लिहिलंय. एकीने लिहिलं, भावाने गेम विकला त्या दिवशी मी जेवले नव्हते. दुबईवाल्याने पहिलं जित्राब अजून जपलंय, त्याचं नाव त्याने स्वतःच्या म्हशीवरून ठेवलं होतं. आपल्याला वाटतं हे वेड आपलं एकट्याचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी जिंकलो. आज अर्धलीच्या मुद्द्यावर ताई अडून बसली होती, मी तावात आलो आणि मुद्दा पटवताना टेबलावर जोरात हात आपटला. त्यासरशी ताई गप्पच झाली. उठली, माझा कप उचलला, विसळून आणला, आणि म्हणाली, "तू म्हन्तोस तसं." एवढा बिनतोड मुद्दा होता.

व्हिडिओ मात्र टाकता आला नाही, तिथून पुढे नुसती शांतता आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

नाना आले होते. ताई पाणी देऊन आत गेल्यावर म्हणाले, "ही जानार कदी?" आई म्हणाली, "म्या इचारलं. रडाया लागली. सासरी जायाचं न्हाई म्हन्ती." नाना म्हणाले, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे काय नवीन? माहेरी राहिलेल्या पोरीचं पुढे काय होतं ते गाव बघतंय. तुळशीचं लग्न झालं, आता फार ताणू नका. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुजं काय म्हन्नं?"

मी म्हटलं, तुम्ही मोठी माणसं ठरवाल ते. आपण अशात पडू नये. नवराबायकोत काय कुरबुर झाली असेल ती त्यांची त्यांना माहीत. ताईने राहावं असं मला वाटतं, पण ते माझ्या स्वार्थासाठी. चॅनेल तिच्यामुळे चाललंय हे मी तरी नाकारणार नाही.

तरी मनात आलं, रडली कशाला?

१२ नोव्हेंबर, बुधवार

ताईच्या मोबाईलमध्ये पहिला भाग टाकून दिला. खेळते, पण फार वाईट. डावा अंगठा चालवतच नाही, डावीकडे वळायचं असलं की उजवा हात पलीकडे नेते. मी ओरडतोय, "अगं ताई, अंगठा हलव की! बाण तुझेच होते ना?" म्हणाली, "थंडीनं आखडलाय." एवढी कुठे थंडी पडलीय? सवय मोडली, दुसरं काय.

आजच्या व्हिडिओत मात्र तिने कमाल केली. म्हणाली, "तुजी अर्धल चांगली रं. पर त्या जित्राबाला कुनी इचारलं का? उचलायचं आन दुसऱ्याच्या गोट्यात न्हेऊन सोडायचं. मंग येता-जाता बगायचं, अंडं झालं का, अंडं झालं का. न्हाई झालं की म्हनायचं जित्राबच खोटं निगालं."

ताईला गेमची यंत्रणाच कळलेली नाही. मी तिला सप्रमाण सांगितलं की अंडं न होण्याचं कारण बहुतेक वेळा जोडीतल्या दुसऱ्या जित्राबात असतं, पण लोक उगाच पहिल्यालाच दोष देतात आणि बदलून टाकतात.

ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मग बराच वेळ ते थांबेना. "ह्ये जरा शेवगावला येऊन सांग की," म्हणाली. शेवगावात किमोरा खेळणारं कोणी असेल असं वाटत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दाजींचा फोन. दाजी म्हणजे बिभीषणराव, माझ्याशी नेहमी गोड बोलणारा माणूस. आज गोड नव्हते. त्यांच्या पुतण्याने व्हिडिओ ऐकला, काकूचा आवाज ओळखला, तो अंड्याचा व्हिडिओ घरात सगळ्यांना वाजवून दाखवला. "आमच्या घरातली बाई मोबाईलवर गावाला काय बी सांगती, आन तू हसतोस? येतो फुडल्या रविवारी. तिला तयार ठेव."

गेमबद्दलच बोललो होतो आम्ही. त्यात एवढं लागण्यासारखं काय होतं?

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळं माझ्यामुळे बिघडलं. नानांच्या सांगण्यावरून व्हिडिओ काढून टाकले, सगळेच्या सगळे. खालची लोकांची उत्तरंही गेली. दुबईवाल्याची म्हैससुद्धा. ताईला सांगितलं, "आता दाजींचा राग जाईल, तुला काही त्रास होणार नाही."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मोबाईल दाखवला. बराच वेळ तिने बोटाने वरखाली करून बघितलं आणि मग माझ्या हातात परत दिला. "बरं," म्हणाली.

ते "बरं" मला अजिबात आवडलं नाही. त्यापेक्षा टपली परवडली असती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ताई बोलत नाही. आज मुद्दाम म्हटलं, "पहिल्या भागातली जित्राबं म्हणजे नुसते कणकेचे गोळे." ती तशीच पिशवीत साड्यांच्या घड्या भरत होती.

आईने तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटली, न्यायला. कुटता कुटता थांबायची, पुन्हा कुटायची.

२३ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

दाजी आणि त्यांचे वडील रंगनाथमामा जीप घेऊन आले. नाना आधीच येऊन बसले होते. चहा झाला. मामा म्हणाले, "सून न्याया आलोय. झालं-गेलं सोडून द्यायचं." दाजी म्हणाले, "कारखान्यावर ट्रॅक्टरवाले मला ताईचे मालक म्हनून हाका मारत्यात. इज्जत राहिली का?" मी घाईघाईने म्हटलं, "दाजी, व्हिडिओ काढून टाकलेत." दाजी म्हणाले, "मंग मिटलं. घे गं पिशवी."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जागची हलली नाही.

नाना समजुतीने म्हणाले, "ज्योते, भांडनं कुनाच्या घरात न्हाईत? नवरा-बायकूत भांडन व्हायाचंच."

"नाना," ताई म्हणाली. आवाज व्हिडिओतल्यासारखा होता, स्पष्ट. "भांडन कसं असतं ते मला आत्ता कळलं. ह्या कल्यासंगं म्या रोज भांडले. ह्यो म्हनतो दुसरा, म्या म्हन्ते पयला. ह्यो वरडला, मीबी वरडले. एकदा टेबलावर हात आपटला त्येनं, मला वाटलं आता बसतीय. न्हाई बसली. दुसऱ्या दिशी पुन्ना इचाराया आला, ताई, तुजं काय म्हन्नं? मला इतक्या वर्सांत असं कुनी इचारलं न्हाई. तिकडं भांडन व्हत न्हाई नाना. तिकडं म्या तोंड उघडलं की..."

तिने पुढे सांगितलं नाही. उजव्या हाताने डाव्या हाताची लांब बाही वर सरकवली. कोपराच्या खाली हाड वाकडं जुळलेलं आहे. "पोळ्याच्या दिशीचा ह्यो. दवाखान्यात न्हेलं न्हाई. लोक इचारतील म्हनून."

दाजी म्हणाले, "गोठ्यात पडली हुती." मामा बशीकडे बघत राहिले. आई भिंतीला टेकून खाली बसली.

तो हात महिनाभर माझ्या समोर होता. मी त्याला अंगठा हलव म्हणून ओरडत होतो.

नानांनी पागोट्याखालचा घाम पुसला. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील, मधलं, दोन्हीकडचं. पण ते माझ्याकडे वळले. "कल्याण, ह्या घरात आता तू बापाच्या जागी. तूच बोल."

किमोरावर मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलू शकतो. मुद्दे, पुरावे, दाखले. आज तीनच शब्द निघाले. मी म्हटलं, "ताई जाणार नाही."

दाजी म्हणाले, "का?"

मी म्हटलं, "जाणार नाही." कारण एकही दिलं नाही.

दाजी ताडकन उठले, तसे नाना त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. म्हातारा माणूस, पण उभा राहिला. मामांनीच मुलाला दंडाला धरून बाहेर नेलं. आई दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "पावनं, जेवून गेला असता तर बरं झालं असतं. पर आता नगंच."

जीप गेली. ताईने पिशवीतून एकेक साडी काढून परत कपाटात ठेवली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नगरला हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. म्हणाले, ऑपरेशन करून हाड सरळ बसवावं लागेल, बराचसा हात परत येईल, सगळा येईल असं नाही. येताना वकिलांना भेटलो. नाना बरोबर होते. बसमध्ये ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "म्याच तिला जा म्हनलो असतो रं. म्याच."

३० नोव्हेंबर, रविवार

ताईनेच सांगितलं, पुन्हा सुरू कर. आणि या वेळी नाव सांग माझं.

मी मनाशी ठरवून बसलो होतो की आज हार मानायची. ताईने एवढं भोगलं, तिला पहिला भाग आवडतो, तर पहिला. आपलं काय जातंय? रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणालो, "मंडळी, मी मत बदललंय. पहिला भागच सर्वश्रेष्ठ. ज्योतीताईंचं बरोबर आहे."

ताईने हात लांब करून रेकॉर्डिंग बंद केलं.

"का बदललंस?"

"पटलं तुझं."

"काय पटलं? सांग."

मी मोबाईल उगाच सरळ करून ठेवला.

"दया करतोस व्हय रं माज्यावर?" ताई चिडली होती, खरीखुरी चिडली होती. "समद्या गल्लीतल्या बाया येऊन दया करून जात्यात. तू नगं करूस. तुला दुसरा आवडतो ना? मंग भांड. जमत नसंल तर बंद कर त्ये चॅनेल."

मी तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा बटण दाबलं आणि म्हटलं, "मंडळी, ज्योतीताईंना गेममधलं काडीचं कळत नाही. पहिल्या भागात ना अंडी, ना ऋतू, ना बोलायला धड माणसं. पहिला भाग म्हणजे नुसती कच्ची कणीक."

"आन तुजा दुसरा म्हंजे करपल्याली भाकर!" ताई ओरडली.

आतून आई म्हणाली, "हळू बोला गं, गल्लीभर आवाज चाललाय."

ताईने आवाज आणखी चढवला.